वहिवाटीचा रकाना

“बाई, झेंडी तिथं नका रोवू. खाली माझा पाइप आहे.”

आबा हे ओरडून बोलले नाहीत. पायाखाली काटा आहे, जरा जपून, असं कुणाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तरीही झेंडी धरलेला मदतनीस थबकला आणि त्यानं लांबून मोजणीबाईंकडे पाहिलं. मोजणीबाईंनी यंत्राच्या काचेला लावलेला डोळा काढला, पदरानं काच पुसली आणि आकडा दुसऱ्यांदा वाचला. आकडा तोच होता. नकाशातली हद्द आबांच्या टोमॅटोच्या चौथ्या ओळीतून जात होती. विहीर त्या रेषेच्या पलीकडे होती, मोजून अकरा फुटांवर.

म्हणजे नकाशाप्रमाणे विहीर आबांची नव्हती.

बांधावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. मोजणी कशी आली हे न सांगताही माणसांना कळतं. मोजणाऱ्याचा हात दुसऱ्यांदा वहीकडे जायला उशीर लागला की कळतं. आबा तर सत्तरी ओलांडलेले, तीन एकरांचे धनी, आयुष्यात चार मोजण्या बघितलेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

“रोवा,” मोजणीबाई मदतनिसाला म्हणाल्या. “पाइपापासून हातभर बाजूला रोवा. चुन्याची खूण करा, लोखंड ठोकू नका.”

एकतीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. पंचक्रोशीत त्यांच्याविषयी बोललं जायचं की, ही बाई सख्ख्या भावाच्या बांधावरसुद्धा हात ढळू देणार नाही. ते खरं होतं, कारण सख्ख्या भावांच्या बांधावर जायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. वडिलांची जमीन भावांच्या नावे करताना त्यांनी हक्क सोडल्याची सही केली होती. “तुला काय करायचीय जमीन? तू तर रोज जमिनीतच असतेस,” असं थोरला भाऊ म्हणाला होता. सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या. आता निवृत्तीला नऊ महिने उरले होते, आणि लोकांच्या हजारो एकरांच्या चतुःसीमा लिहिणाऱ्या या बाईच्या नावावर कुठं वीतभर माती नव्हती.

ही मोजणी कंपनीनं मागवली होती. कंपनी म्हणजे शहरातल्या काही पैसेवाल्या माणसांनी एकत्र येऊन काढलेली संस्था. त्यात कुणी मोठे डॉक्टर होते, कुणी दुकानांच्या साखळीचे मालक. त्यांतल्या एकानंही या उतारावर पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांना ना पेरायचं होतं, ना घर बांधायचं होतं. जमीन नुसती पडून राहिली तरी तिचा भाव वाढतो, एवढंच त्यांना तिच्याकडून हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी सव्वीस शेतं घेतली. जमीन म्हणजे आई, असं म्हणणारे पहिल्याच महिन्यात विकून मोकळे झाले. जे म्हणत होते, “बघू, घाई काय,” ते शेजारी विकतोय म्हणून घाबरून विकते झाले. सगळ्यांच्या मधोमध, भाताच्या ताटात खडा राहावा तसे, आबा तेवढे राहिले होते. आता सव्वीस शेतांभोवती तारेचं कुंपण घालायचं होतं आणि त्यासाठी आबांची हद्द ठरवायची होती.

“मॅडम, जरा सावलीत येता का?” कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला.

हा माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड, आणि खोटा गोड नव्हे. सकाळी त्यानं पाण्याच्या बाटल्या आणल्या तेव्हा पहिली आबांना दिली होती. शेताच्या कडेला लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत त्यानं मोजणीबाईंसाठी गाडीतली खुर्ची उघडून ठेवली. त्या बसल्या नाहीत.

“आबांचं नुकसान नाहीये, हे तुम्ही त्यांना समजावून सांगा,” तो म्हणाला. “वरच्या अंगाला अकरा फुटांची पट्टी आमची निघाली. खालच्या अंगाला तेवढीच पट्टी आबांची निघते. क्षेत्र जेवढ्यास तेवढं. कागदावर एक गुंठाही कमी होत नाही.”

“खाली खडक आहे,” मदतनीस झेंडी गुंडाळत म्हणाला. तोही बाईंबरोबर वीस वर्षं होता आणि मध्ये बोलायचा हक्क त्यानं कधीच मिळवला होता.

“ते मोजणीत येत नाही ना?” व्यवस्थापकानं विचारलं. विचारणं उपरोधाचं नव्हतं.

“नाही येत,” मोजणीबाई म्हणाल्या.

“मग झालं. तुम्ही खुणा पक्क्या करा, पंचनामा लिहा, सह्या घ्या. चारच्या आत मोकळे.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि हो, त्या रस्त्याकडेच्या तुकड्यांचं नक्की झालं. कंपनी काही छोटे तुकडे आपल्या माणसांना बाजारभावाच्या निम्म्यानं देणार आहे. काका रविवारी येऊन बघून गेले. त्यांना कोपऱ्यावरचा आवडला.”

“कुठले काका?”

“म्हणजे, तुमचे मिस्टर.” तो गोंधळला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मोजणीबाईंनी हातातली वही मिटली आणि पुन्हा उघडली. रविवारी नवरा जुन्या मित्राकडे जातो म्हणून गेला होता. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या चपलांना लाल माती होती. त्यांनी त्या झटकून दारामागे ठेवल्या होत्या आणि मित्राच्या तब्येतीची चौकशी केली होती.

“माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि विहिरीकडे चालू लागल्या.

आबा विहिरीच्या कठड्याशी उभे होते. मोजणीबाई जवळ गेल्यावर त्यांनी सरकून जागा केली, जशी घरी आलेल्या माणसाला करतात.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अकरा फूट.”

“बरोबर आहे,” आबा म्हणाले.

मोजणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसं शिव्या देतात, यंत्र खोटं म्हणतात, छाती पिटतात. बरोबर आहे, असं कुणी म्हणत नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मीच तर बांध सरकवला, बाई. मी आणि माझा शेजारी. आधी माझ्या हद्दीत खणायला घेतलं, तर खडक लागला. फुटेना. मग तो म्हणाला, माझ्यात सरक. विहीर दोघांची झाली. त्याची अकरा फूट मी घेतली; खालीही त्याचाच तुकडा होता, तिथली माझी त्याला दिली. सत्तेचाळीस वर्षं झाली. तो गेला त्यालाच नऊ होतील.”

“कागद केला नाही?”

“तेव्हा सुचलं नाही. भांडण असतं तर सुचलं असतं.”

मोजणीबाईंनी वहीतून पंचनाम्याचा कागद काढला. आबांनी त्यांच्यापुढे हात जोडले नाहीत, एवढं बरं झालं. जोडले असते तर त्यांना राग आला असता, आणि राग आला की काम सोपं होतं.

त्यांच्या हातातल्या पंचनाम्याच्या छापील कागदावर तेरा रकाने होते. बारा रकाने मोजणीचे. तेरावा वहिवाटीचा. म्हणजे कागदावर कुणाचीही असो, ती जागा प्रत्यक्षात कोण वापरतं, किती वर्षं वापरतं, आणि हे सांगायला साक्षीदार कोण. साक्षीदार दावा करणाऱ्याखेरीज दुसरा हवा, आणि लगतचा किंवा पूर्वीचा खातेदार हवा. या रकान्यावरून पुढं वाद उभा राहू शकतो, म्हणून कचेरीतले सगळेच तो रिकामा सोडत. “निरंक” असा एक शब्द लिहिला की भागत असे. मोजणीबाईंनीही एकतीस वर्षं तोच शब्द लिहिला होता. एकदा एका माणसाचा गुरांचा गोठा निम्मा शेजाऱ्याच्या हद्दीत निघाला होता. तो त्यांना म्हणत होता, बाई, माझ्या आज्याचा गोठा आहे, तेवढं तरी लिहा. त्या म्हणाल्या होत्या, ते कोर्टाचं काम. पुढं त्या रस्त्यानं जाताना त्यांना दिसलं की त्या माणसानं गोठा स्वतःच्याच हातानं उतरवून ठेवला होता, वासे एकावर एक नीट रचून. त्यांनी ड्रायव्हरला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितली होती.

फोन वाजला. मोठे साहेब.

“बाई, खुणा झाल्या?”

“झाल्या, सर.”

“मग निघा. तिथं रेंगाळू नका. ती मंडळी वरपर्यंत ओळखीची आहेत.” साहेब जरा थांबले. “हे बघा, तुमच्या पेन्शनची फाइल पुढच्या महिन्यात माझ्याच टेबलावर येणार. नऊ महिने राहिलेत. आपण कशाला कुणाच्या अध्यात ना मध्यात?”

“हो, सर.”

त्या बांधावर परत आल्या तेव्हा पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती. गाडीतून आबांच्या त्या मेलेल्या शेजाऱ्याचा मुलगा उतरला. वरचं शेत त्यानंच कंपनीला विकलं होतं. जमीन विकून पहिली त्यानं गाडी घेतली, तेव्हा गावानं त्याला नवशेठ नाव ठेवलं. आधी तो चिडायचा, मग त्याला सवय झाली, मग ते आवडायला लागलं. शेवटचा हप्ता कुंपण झाल्यावर मिळणार होता, म्हणून तो घाईत होता. त्याची म्हातारी आई पुढच्या सीटवर बसली होती. जमिनीवर तिचंही नाव होतं, म्हणून पंचनाम्याला तिचा अंगठा लागणार होता. नवशेठनं गाडीचं इंजिन चालू ठेवून काचा बंद केल्या होत्या, म्हातारीला गार वाटावं म्हणून.

“काका,” तो आबांना म्हणाला, पण डोळे दुसरीकडे ठेवून. “मनाला लावून घेऊ नका. नकाशाच तसा आहे. मी काय करणार?”

“तुझ्या बापाला विचार,” आबा म्हणाले.

“ते आहेत कुठं आता विचारायला!”

“म्हणून तर तुझं चाललंय.”

बांधावर कुणीतरी खाकरलं. नवशेठचा चेहरा लाल झाला. व्यवस्थापक मध्ये आला आणि त्यानं दोघांनाही एकदम “बसून घेऊ या” असं सांगितलं. सतरंजी अंथरली गेली. मोजणीबाईंनी मांडीवर फळी घेतली, तिच्यावर कागद लावला आणि लिहायला सुरुवात केली. बारा रकाने भरायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ फक्त पेनचा आवाज आणि बंद काचांच्या आड गाडीच्या इंजिनाची घरघर.

तेराव्या रकान्याशी पेन थांबलं.

“निरंक,” व्यवस्थापक हळूच म्हणाला. मदत केल्यासारखं.

मोजणीबाईंना एकदम चपलांची ती लाल माती आठवली. कोपऱ्यावरचा तुकडा. नवऱ्यानं तिथं उभं राहून कसं पाहिलं असेल, हे त्यांना न बघताही दिसत होतं. कमरेवर हात, मान जराशी वाकडी. त्यांनी चष्मा काढून सतरंजीवर ठेवला.

“नियमाप्रमाणे विचारावं लागतं,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “ही विहीर इतकी वर्षं कुणाच्या वापरात होती, याबद्दल कुणा लगतच्या किंवा पूर्वीच्या खातेदाराला काही सांगायचंय?”

व्यवस्थापकाची मान वळली. आजवर हा प्रश्न त्यानं ऐकलाच नव्हता.

बांधावरच्या माणसांनी आपापले पाय बघितले. त्यांतल्या प्रत्येकानं त्या विहिरीचं पाणी प्यायलं होतं. पण कुणाचा मुलगा कंपनीच्या पहाऱ्यावर लागणार होता, कुणाचा हप्ता राहिला होता, कुणाला नुसतंच वाटत होतं की आपण विकली आणि याची राहिली, मग याचं कशाला चांगलं व्हावं. तेही मनात असतंच.

“दुसऱ्यांदा विचारते,” मोजणीबाई म्हणाल्या. “कुणाला काही सांगायचंय?”

“मॅडम, कुणी बोलत नाहीये,” व्यवस्थापक म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा कमी झाला. “तुम्ही बोलायला लावताय.”

“तीनदा विचारायचा नियम आहे.”

“आजवर कुणी विचारलेला नाही.”

“खरंय,” त्या म्हणाल्या. “मीही नाही.”

आबा खाली बघत गवताची काडी मोडत होते. एक मोडून झाली की दुसरी घेत होते. मोजणीबाईंना आता तिसऱ्यांदा विचारायचं होतं, आणि तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही की निरंक लिहायचं होतं. त्या थांबल्या. घोटभर पाणी प्यायल्या. बाटलीचं झाकण सावकाश फिरवून लावलं. याहून जास्त वेळ त्यांना काढता आला नसता.

तेवढ्यात ठकठक ऐकू आली.

आधी कुणाला कळेना कुठून येतेय. मग सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. म्हातारी आतून काच वाजवत होती. दार कसं उघडायचं ते तिला माहीत नव्हतं. ती बोटांची पेरं काचेवर आपटत होती, तोंडानं काहीतरी म्हणत होती आणि बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

“ऊन लागेल तिला,” नवशेठ म्हणाला. जागचा हलला मात्र नाही. कुणीच हललं नाही. ठकठक चालूच होती. शेवटी मदतनीस उठला, गेला आणि त्यानं दार उघडलं.

म्हातारी उतरली. गुडघ्यांवर हात ठेवत, वरंबे ओलांडत ती सतरंजीपर्यंत आली आणि उभीच राहिली.

“काय विचारत होत्या बाई? तोंडं बघून वाटलं, विहिरीचं आहे.”

“आई, तू गाडीत बस. तुला काही माहीत नाही.”

“मला माहीत नाही?” म्हातारी मुलाकडे वळली. “घमेली कुणी वाहिली रे? तुझ्या वेळेला मला सातवा महिना होता. हे दोघं खाली खणायचे आणि मी वर घमेली ओढायचे. डॉक्टरीणबाई मला मारायची बाकी राहिली होती. लिहा, बाई. विहीर दोघांची. निम्मी आमची, निम्मी आबा भावोजींची. आमची निम्मी गेली, विकली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांची निम्मी माझ्या पोरानं विकायची नाही.”

“आजी,” व्यवस्थापक वाकून म्हणाला, “तुमचं खरं असेल. पण याचा कागद कुठंय?”

“कागद कशाला? दोघं जिवंत होते की.”

बांधावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“विक्रीच्या कागदावर तुमचा अंगठा आहे, आजी. त्यात विहीर धरलेली आहे.”

“अंगठा आहे. मी शेतावर दिला. विहीर त्यात आहे, असं मला कुणी वाचून दाखवलं?” तिनं मुलाकडे बोट केलं. “तू दाखवलंस?”

“वाचून दाखवलं असतं तर दिला असतास का तू?” नवशेठ ओरडला.

ओरडला आणि त्याच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात आलं. व्यवस्थापकानं डोळे मिटून घेतले. नवशेठनं आजूबाजूला पाहिलं, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणी तरी बोललं असावं.

मोजणीबाईंनी चष्मा घातला आणि लिहायला लागल्या. अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं. रकाना बोटभर उंचीचा होता. तो भरला, मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिल्या. म्हातारी बोलली तेवढं सगळं. मुलगा बोलला तेही. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं, सावकाश वाचलं. म्हातारीनं मान डोलावत ऐकलं, एके ठिकाणी “सातवा नाही, सातवा संपत आला होता” अशी दुरुस्ती केली, आणि अंगठा दिला.

नवशेठ गाडीत बसला. दार आपटलं. “आता बस त्यांच्याच विहिरीवर,” तो काचेतून आईला म्हणाला, आणि गाडी वरंब्यांवरून आदळत निघून गेली.

व्यवस्थापकानं खुर्ची मिटली. “मॅडम, तुम्ही बेकायदा काही केलं नाही,” तो म्हणाला. “पण हे तुम्हाला सोपं जाणार नाही. मी धमकी देत नाहीये. मला वर सांगावं लागेल, एवढंच.”

“सांगा,” मोजणीबाई म्हणाल्या. “तुमचंही काम आहे.”

म्हातारीला त्यांनी कचेरीच्या जीपमधून घरी सोडलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली. “आज घरात कुणी माझ्याशी बोलणार नाही,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “उद्याही नाही.” मोजणीबाईंनी तिला उतरताना हात दिला. हात हलका होता, पण पकड घट्ट होती.

घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीत बसून रेडिओची पाठ उघडून काहीतरी जोडत होता. तीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती. हात रिकामे राहिले की त्याला करमत नसे. मोजणीबाईंनी चपला काढल्या, तोंड धुतलं आणि पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“कोपऱ्यावरचा का आवडला?”

पेचकस त्याच्या हातातच राहिला. तो म्हणाला, “दोन्ही बाजूंनी रस्ता आहे त्याला.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस. मी नुसता बघायला गेलो होतो. उभा राहिलो, बस.” त्यानं पेचकस खाली ठेवला. “तुला आठवतं, ते कॅलेंडर लावायला मी मालकाला खिळ्याची परवानगी मागायला गेलो होतो? तो म्हणाला, मागच्या भाडेकरूनं भिंतीची चाळण केली, तुम्ही चिकटपट्टीनं लावा. मी पन्नास वर्षांचा होतो तेव्हा. एवढंच वाटलं गं, की एखादी भिंत असावी, जिच्यात विचारल्याशिवाय खिळा मारता येईल.”

मोजणीबाई खाली बसल्या. त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, विहिरीपासून म्हातारीपर्यंत. संपल्यावर त्यानं विचारलं, “म्हणजे तुकडा गेला.”

“गेला.”

“आणि तुझी फाइल?”

“अडेल.”

त्यानं मान हलवली. रेडिओचे सुटे स्क्रू एकेक करून डबीत टाकले. मग म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारलंस का पण?”

“काय?”

“दोनदा विचारलं, असं सांगितलंस. तीनदा विचारायचा नियम आहे ना?”

“नाही विचारलं. त्याच्या आत ती बोलली.”

“मग पंचनाम्यात तसं लिहिलंस ना? नाहीतर तेवढंच धरतील ते.”

“लिहिलं,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना एकदम रडू आलं. त्यानं रेडिओ बाजूला सारला आणि तो उठून त्यांच्याशेजारी येऊन बसला.

फाइल अडली. दोनदा शेऱ्यासह परत आली. मोठ्या साहेबांनी मोजणीबाईंना मोजणीच्या कामावरून काढून जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं, जिथं कपाटांना वाळवी होती आणि खिडकीला तावदान नव्हतं. आबांनी अर्ज केला. पंचनाम्याच्या तेराव्या रकान्यामुळं तो अर्ज फेटाळता आला नाही. निकाल होईपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. कुंपण सगळीकडून पुरं झालं, तेवढ्या जागेत मात्र खांब नुसते उभे राहिले, तारेविना. नवशेठचा शेवटचा हप्ता कंपनीनं धरून ठेवला.

पाचव्या महिन्यात सुनावणी लागली. मोजणीबाईंना साक्षीला बोलावणं होतं. त्या पोचल्या तेव्हा व्हरांड्यात गर्दी होती. आबा भिंतीच्या बाकावर बसले होते, धुतलेला सदरा घालून. नवशेठ लांब खांबाला टेकून फोनमध्ये बघत होता. म्हातारी अजून आलेली नव्हती.

ती आली तेव्हा घामानं भिजली होती. दोन बसगाड्या बदलून, एकटी आली होती. मुलाच्या समोरून गेली. त्यानं फोनमधून मान वर केली, तिनं क्षणभर पाय थांबवला, आणि मग दोघांपैकी कुणीच काही न बोलल्यामुळं ती पुढं चालत राहिली.

खिडकीशी साक्षीदारांची नावं लिहिणं चाललं होतं. म्हातारीनं नाव सांगितलं, वय अंदाजानं सांगितलं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “अर्जदाराशी नातं?”

“काय?”

“ते आबा. तुमचे कोण लागतात?”

“शेजारी.”

“शेजारी कसे, आजी? तुम्ही जमीन विकलीत ना? इथं लिहिलंय. आता त्यांच्या शेजारी कंपनी आहे.”

म्हातारी विचारात पडली. मागं रांग वाढत होती, कुणीतरी घाई करत होतं. मोजणीबाई पुढं व्हायला निघाल्या, पण म्हातारीनं खिडकीचा कठडा धरला आणि नीट उभी राहिली.

“शेजारीण लिहा,” ती म्हणाली.

कारकुनानं आता मात्र तिच्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकवलेलंच होतं. मग त्यानं तसंच लिहिलं आणि शाईचा पॅड पुढं सरकवला.

अंगठा देऊन झाल्यावर तो पुसायला तिला काही सापडेना. आबांनी बाकावरून उठून आपला रुमाल पुढं केला. तिनं शाई पुसली, रुमालाची घडी घालून तो परत दिला. मग पुकारा होईपर्यंत वाट बघत दोघं त्या बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.